मोहरी कुणाकडे जावी, आणि का

मी, खाली सही करणारी बाई, वय पुरे चौऱ्याहत्तर, लग्न न केलेली, पूर्वीचा व्यवसाय औषधांचे दुकान, हल्लीचा व्यवसाय गुडघे सांभाळणे, राहणार याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. सकाळची रक्तदाबाची गोळी सोडली तर मी आज काहीही घेतलेले नाही. मला कुणी धमकावलेले नाही. लाडीगोडी लावून लिहून घ्यायला कुणी आले असते तर मी त्याला निदान चहा तरी पाजला असता, पण तसेही कुणी आलेले नाही. जे लिहिते आहे ते माझ्या मनाने, माझ्या हाताने, आणि लिहायला हवे होते त्यापेक्षा अकरा वर्षे उशिरा.

वकीलबाई म्हणाल्या, “मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. काय आणि कुणाला, एवढंच.” मी म्हटले, चाळीस वर्षे मी डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध बांधून दिले आणि कारण कधी विचारले नाही. आता एकदा तरी मला कारणासकट द्यायचे आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लिहा.

कलम एक. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पूर्वेकडची मोठी खिडकी असलेले हे घर माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या एकुलत्या मुलीला मिळावे. ती शहर वाहतुकीची बस चालवते आणि तिच्याइतके सरळ माणूस मी पाहिलेले नाही. अट काही नाही. विकायचे तर विकावे.

हे घर मी माझ्या कमाईवर घेतले आणि पूर्वेची खोली स्वतःला ठेवली. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी धाकटी तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन, दोन ट्रंका रिक्षात घालून माझ्या दारात उभी राहिली. तिचा नवरा परगावी नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. मी म्हटले, “ये, घर तुझंच आहे.” माणूस असे म्हणतो तेव्हा समोरचा ते खरे धरील अशी त्याची अपेक्षा नसते. धाकटीने खरे धरले. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवायला लागली, आणि वर्षभरात पूर्वेची खिडकी तिच्या कुंड्यांनी भरली. मग त्या खोलीत तिचे टेबल आले, टेबलामागून तिची कॉट आली, आणि मी माझी गादी गुंडाळून मागच्या खोलीत गेले. कुणी मला जा म्हटले नव्हते. मी आपणहून गेले आणि जन्मभर ते विसरले नाही. हा माझा स्वभाव आहे. पुढचे समजायला तो माहीत असलेला बरा.

कलम दोन. दुकानातल्या वस्तू.

दुकान मी चार वर्षांपूर्वीच नव्या दुकानवालीच्या हवाली केले आहे. पितळी तराजू, दगडी खल आणि गोळ्या मोजायची तबकडी घरी आणली होती, तीही तिलाच द्यावी. ती वापरणार नाही हे मला ठाऊक आहे, पण ती पुसून ठेवील.

एक गोष्ट मी तिला नेहमी अभिमानाने सांगत असे. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकाही बाटलीवर चुकीची चिठ्ठी लागली नाही. दुकानातल्या बाटल्यांपुरते ते खरे आहे.

कलम तीन. थोरला भाऊ.

भिंतीवरचे घड्याळ वडिलांनी आपल्यालाच देऊ केले होते असे तो तीस वर्षे सांगत आला आहे. ते त्याला द्यावे. ते बंद आहे हे त्याला आधी सांगू नये.

कलम चार. शिडी.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर माझी लोखंडी शिडी सात वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांसाठी’ घेऊन गेले. ती त्यांनाच देऊन टाकावी असे माझ्या मनात होते. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणतात. तेव्हा मास्तर, शिडी परत आणून द्या.

कलम पाच. मोहरी.

हे सगळे मी या कलमासाठी लिहायला घेतले. वरचे नुसते घसा खाकरणे होते.

मोहरी म्हणजे एक ऑर्किड आहे. झाडाच्या फांदीवर वाढणारे, मातीला न शिवणारे. अख्खे रोप माझ्या अंगठ्याच्या नखावर मावते. पान मसुराच्या डाळीएवढे. फूल मोहरीच्या दाण्याएवढे, म्हणून धाकटीने हे नाव ठेवले. नुसत्या डोळ्यांना ते फूल म्हणजे सालीवर पडलेला पिवळट कण वाटतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले की त्याच्या खालच्या पाकळीला, ओठासारखी असते तिला, बारीक केसांची जांभळी झालर दिसते. त्या झालरीवरच सगळे आहे.

धाकटीला ती लाकडाच्या वखारीत सापडली. रस्ता रुंद करायला एक जुने झाड पाडले होते, त्याचे ओंडके करवतीखाली जायच्या रांगेत पडले होते. धाकटी कॉलेजातून घरी येताना वाकून बघत उभी राहिली. वखारवाला म्हणाला, “बाई, बांडगूळ आहे ते.” धाकटीने तिथेच त्याचा तास घेतला. बांडगूळ दुसऱ्याच्या अंगात मुळे घालून शोषते. हे नुसते टेकते, आणि हवेवर व पावसाच्या पाण्यावर जगते. वखारवाल्याने कंटाळून सालीचा तो तुकडा तिला फुकट देऊन टाकला. पुढे तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी ती आसपासची झाडे बघत हिंडली. दुसरीकडे तिला ती कुठेच दिसली नाही.

त्या एका तुकड्याचे तिने आठ वर्षांत सात केले. फूल आले तेव्हा भिंगातून बघून पेन्सिलने चित्र काढले, झालरीचा एकेक केस मोजून. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की ही जात कुठेच नोंदलेली दिसत नाही, पुढच्या बहरात मी स्वतः येऊन पाहतो. ते पत्र तिने मला तीन वेळा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा मी म्हटले, “मीठ दे.”

तोवर तिला काचबिंदू झाला होता. दिसण्याचा घेर आकसत चालला होता. आणि मोहरीला वारा लागतो म्हणून पूर्वेच्या खोलीत एक छोटा पंखा दिवसरात्र घरघरत असे. भिंतीपलीकडे माझी उशी. एका संध्याकाळी माझा तोल गेला. मी म्हणाले, “माझी खोली, माझी खिडकी, माझी झोप. बांडगुळं आहात तुम्ही सगळीच.”

एरवी त्या शब्दावर धाकटी कुणाचाही तास घ्यायची. त्या दिवशी तिने पंख्याखाली घडी करून टॉवेल ठेवला, आवाज कमी व्हावा म्हणून.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या शहरात गेली. भाचीने रजा काढली होती, ती सोबत गेली. सहा आठवड्यांसाठी मोहरी माझ्यावर सोपवली होती. धाकटीने मला मोठ्या अक्षरांत कागद लिहून दिला होता, कारण लहान अक्षरे तिला स्वतःलाच दिसत नव्हती. पाणी पावसाचेच, गच्चीवरच्या पिंपातले. फवारा सकाळीच. पंखा बंद करायचा नाही. खिडकी पूर्ण लावायची नाही. मोहरीच्या काचपेटीचे झाकण कधीही मिटायचे नाही.

गच्चीचे तीन जिने चढायला नकोत म्हणून मी नळाचे पाणी घातले. तिसऱ्या रात्री पंखा बंद केला आणि वर्षानुवर्षांत झोपले नव्हते अशी झोपले. रस्ता खणला होता, धूळ येत होती, म्हणून खिडकी लावली. बाराव्या दिवशी मला औषधविक्रेत्यांच्या मेळाव्याला तीन दिवस जायचे होते. तीन दिवसांचे पाणी एकदम देऊन टाकावे असे ठरवून मी सगळे तुकडे निथळेपर्यंत भिजवले आणि काचपेटीचे झाकण लावून गेले.

परत आले तेव्हा पाने कांद्याच्या उकडलेल्या पाकळीसारखी झाली होती. बोट लावले की गळून पडत. साती तुकड्यांवर एकही टणक पान नव्हते. पेटीला साचलेल्या डबक्याचा वास होता.

मी मोहरी मुद्दाम मारली नाही. पण तिची काळजी घेतली नाही ती अगदी मुद्दाम. अकरा वर्षे मी या दोन वाक्यांमध्ये उभी आहे.

दुसऱ्याच दिवशी भाचीचा फोन आला. “मावशी, एका डोळ्याचं जमलं नाही. गेला तो.” मग धाकटीने फोन घेतला. डोळ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. “ताई, माझी मोहरी कशी आहे?”

“छान आहे,” मी म्हणाले.

पहिले खोटे हे. बाकी सगळे ते खरे करायच्या खटपटीत घडले.

मी शहराबाहेरच्या रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसाने मला त्याच्या एका फळीवर अशीच एक बारकी जात दाखवली. “पानं सारखीच दिसतात हो. फुलल्यावर कळतं काय आहे ते.” मी सात घेतली, नव्या सालीच्या तुकड्यांवर दोऱ्याने बांधली आणि धाकटीच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या त्यांना लावल्या. मेलेले सात तुकडे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे फेकून दिले. केराच्या टोपलीत टाकायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

धाकटी परत आली. बोटांनी चाचपून म्हणाली, “साल बदललीस का गं?”

“जुनी कुजायला लागली होती.”

“बरं केलंस. तुला कुठे ठाऊक होतं हे सगळं, आणि तरी केलंस.” आणि तिने माझा हात धरला.

आठ महिन्यांनी त्या बदली रोपांना फुले आली. प्राध्यापक लांबचा प्रवास करून आले. धाकटीने नवी साडी नेसली होती. त्यांनी खिडकीशी बसून भिंग लावले, बराच वेळ पाहिले, मग चित्र पाहिले, मग पुन्हा फूल. ते वाईट माणूस नव्हते. अगदी हळू आवाजात बोलले, “बाई, ही तर साधी जात आहे. खूप ठिकाणी सापडते. हिच्या ओठाला झालर नसते.”

“पण मी मोजलीय,” धाकटी म्हणाली.

“नजर कमी झाली की कडांना असे तंतू दिसतात कधी कधी. यात तुमचा दोष नाही.”

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. एका वाक्याचे काम होते. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि साखर किती, असे विचारले.

ते गेल्यावर धाकटीने विचारले, “मला झालर दिसली होती गं, ताई. तुलाही मी भिंगातून दाखवली होती. दिसली होती ना?”

“मला काय कळतंय त्यातलं,” मी म्हणाले.

मला दिसली होती. स्पष्ट दिसली होती.

भाची त्या संध्याकाळी कामावरून आली आणि आईचे तोंड उतरलेले पाहून तिला हसवायला म्हणाली, “जाऊ दे आई, तुझी मोहरी म्हणजे मोहरीएवढा भास.” धाकटीही हसली. पुढे घरात तो विनोदच होऊन बसला. काही हरवले, काही चुकीचे दिसले की ‘मोहरीएवढा भास’. धाकटी स्वतःच म्हणायची. काही दिवसांनी तिने चित्रांच्या वह्या रद्दीत काढल्या. मी एक पान फाडून लपवून ठेवले.

यापुढचे जास्त वाईट आहे. वकीलबाईंनीसुद्धा कच्चा मजकूर इथवर वाचून चष्मा काढला होता. मी त्यांना म्हटले, अजून आहे.

पंखा बंद केल्याला चौदा महिने झाले असतील. टाकी गळायला लागली म्हणून मी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले. टाकीच्या मागे, थेंब थेंब पाणी पडत होते त्या सावलीत, सालीचा एक तुकडा उलटा पडला होता. त्याच्या खालच्या बाजूला एक पान होते, अर्ध्या मसुराएवढे, आणि हिरव्या टोकाचे एक मूळ. मी ज्याला मेले म्हणून फेकले होते ते मेले नव्हते. फुटक्या टाकीने त्याची माझ्यापेक्षा बरी काळजी घेतली होती.

मी ते रुमालात गुंडाळले आणि दुकानात नेले, घरी नाही. दुकानाच्या मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी होती आणि औषधांसाठी आणलेले ऊर्ध्वपातित पाणी होते, ज्यात क्षार म्हणून काही नसतात. धाकटीचा कागद माझ्याकडे होताच. त्यातली एकेक ओळ मी या वेळी पाळली. वर्षभराने फूल आले. भिंग लावले. झालर होती.

मी स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक हाका मारून गेले. आज घरी जाऊन सांगायचे, असे पक्के ठरवले. घरी गेले तर धाकटी कधी नव्हे ती गुणगुणत भाजी चिरत होती. म्हणाली, “सोडून दिलं मी ते सगळं. आता बरं वाटतंय.” मी स्वतःला म्हटले, सावरली आहे, खपली कशाला काढा. मी तिला जपत नव्हते, स्वतःला लपवत होते. पण तेव्हा मला दोन्ही एकच वाटले.

त्यानंतर ती तीन वर्षे जगली. तीन वर्षे म्हणजे एक हजारांहून अधिक संध्याकाळी. रोज ती बदली रोपांना फवारा द्यायची, आणि रोज सकाळी मी दुकानात तिच्या खऱ्या मोहरीला द्यायची.

एकदा ती दुकानात आली. डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते, म्हणून काठी टेकत एकटीच आली. सकाळची वेळ होती. मोहरीच्या फुलाला सकाळी दोन तास वास असतो, लिंबाच्या वाळलेल्या सालीसारखा, आणि एवढ्याशा फुलाच्या मानाने तो बराच लांब जातो. धाकटी गल्ल्याशी थांबली. मान किंचित वर केली.

“ताई, इथे माझ्या मोहरीचा वास येतोय.”

मागची खोली तिच्यापासून चार पावलांवर होती. दार उघडे होते.

“नवा साबण आलाय गं,” मी म्हणाले.

“हो का? म्हणजे आता नाकही गेलं म्हणायचं,” असे म्हणून ती हसली, थेंबांची बाटली घेतली आणि काठी टेकत गेली.

माझ्या आयुष्यातले सगळे एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला ठेवले, तर पितळी तराजूचे कुठले पारडे खाली जाईल हे मला सांगावे लागू नये.

पुढे तिला न्यूमोनिया झाला. अखेरच्या आदल्या दिवशी मी मोहरी डब्यात घालून रुग्णालयात घेऊन गेले. तोवर ती कुणालाच ओळखत नव्हती. डबा मांडीवर घेऊन भेटीची वेळ संपेपर्यंत बसले आणि परत आणला.

तर ही मोहरी, दुकान सोडल्यापासून पूर्वेच्या खोलीत आणून ठेवलेली, आजमितीस सालीचे चार तुकडे, मी माझ्या भाचीला देते. ही माझी मिळकत नाही. तिच्या आईची वस्तू माझ्याकडे होती, ती परत जात आहे.

बदली सात रोपांपैकी तीन अजून आहेत. ती दुकानवालीला द्यावीत. त्यांचा काही गुन्हा नाही. ती फुलली, एवढेच त्यांचे चुकले.

कलम सहा. मोहरी कशी सांभाळावी.

धाकटीच्या कागदात जे होते ते, आणि मी जे मारून शिकले ते, असे दोन्ही लिहिते.

मातीत लावू नये, कुंडीत तर नाहीच. खरखरीत सालीच्या तुकड्यावर चिमूटभर शेवाळ ठेवून त्यावर रोप सुती दोऱ्याने बांधावे. सहा-आठ महिन्यांत मुळे सालीला धरतात, दोरा आपोआप कुजून पडतो. साल जुनी झाली तर रोप उपटू नये, जुना तुकडाच नव्या तुकड्यावर बांधावा. मुळे तुटली की ते रुसते आणि दोन वर्षे बोलत नाही.

पाणी पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित. नळाचे नाही, एकदाही नाही. फवारा सकाळी, असा की संध्याकाळपर्यंत सगळे कोरडे व्हावे. रात्री ओल राहिली की कूज आली. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, थंडीत एक दिवसाआड. तहान लागली की नाही ते मुळेच सांगतात: कोरडी असताना रुपेरी, भिजली की हिरवी. हिरवी असताना पुन्हा पाणी घातले तर ते आपल्या हौसेसाठी घातले असे समजावे.

उजेड भरपूर, पण ऊन अंगावर नाही. सकाळचे कोवळे अर्धा तास चालते. हाताची सावली फिकट पडेल इतका उजेड पुरे. हवा दमट हवी, पण हलती हवी. दमट आणि कोंडलेली हवा म्हणजे माझी काचपेटी. पंख्याचा वारा थेट नको, भिंतीवर आपटून यावा. पंखा घरघरला तर खाली टॉवेल ठेवावा.

खत बाटलीवर लिहिले असेल त्याच्या दहाव्या हिश्शाने, तेही नवे पान येत असतानाच. जास्त खत म्हणजे माया नव्हे.

फुले गळल्यावर वाळका दांडा कापू नये. मी एकदा कापला. त्याच दांड्यावर पुढच्या वर्षी पुन्हा कळ्या येतात. मेल्यासारखे दिसते ते मेलेले असतेच असे नाही, हे या झाडाच्या बाबतीत मी शपथेवर सांगू शकते.

कलम सात. प्राध्यापक.

चित्राचे पान, धाकटीची मूळ पत्रे, स्पिरिटच्या बाटलीत जपलेली चार फुले आणि या कलम पाचची नक्कल वकीलबाईंनी प्राध्यापकांना पाठवावी, ते नसतील तर त्यांच्या जागी जे असतील त्यांना. त्यांनी झालर मोजावी. धाकटीने बावीस केस मोजले होते. मीही मोजले, बावीसच आहेत. ही जात तिने शोधली, तिने ओळखली आणि तिची नजर शाबूत होती, असे त्यांनी छापावे. माझे नाव कुठेही येऊ नये, आभारातसुद्धा नाही.

कलम आठ. नंतर घातलेले.

इथवरचा मजकूर मी गुरुवारी पुरा केला होता. वकीलबाईंनी वाचला. त्यांनी शाईच्या पेनाचे टोपण लावले आणि विचारले, “हे तुमच्या भाचीला माहीत आहे?”

“माझ्यामागे कळेलच की.”

“म्हणजे तिने भांडायचं कुणाशी? माझ्याशी?”

मृत्युपत्रात कबुली देणे म्हणजे दगड मारून आधीच गाव सोडून जाणे, हे मला तोवर सुचलेच नव्हते. किंवा सुचले असेल, आणि म्हणूनच मी मृत्युपत्र लिहायला घेतले असेल.

मी भाचीला फोन केला. आई गेल्यापासून ती वेगळी राहते. काल सकाळी ती पहिली फेरी संपवून गणवेशातच आली. मी तिला सगळे सांगितले, वर लिहिले आहे त्याच क्रमाने. वाचून दाखवले नाही, तोंडाने सांगितले. साबणाचेही. मग ती उठून पूर्वेच्या खोलीत गेली. मोहरीला परवापासून तीन फुले आहेत. तिने भिंग मागितले, मग चित्र मागितले, आणि दोन्ही शेजारी धरून इतका वेळ उभी राहिली की मला बसावे लागले.

“मी आईला हसले होते,” ती म्हणाली.

“हो.”

“रोज. ती जाईपर्यंत. मोहरीएवढा भास, मोहरीएवढा भास. आणि तू इथे बसून ऐकायचीस. तुला ठाऊक होतं. तू मला हसू दिलंस, मावशी.”

मी मोहरीचे पाप एवढी वर्षे मोजत आले. हे मी कधी मोजलेच नव्हते. धाकटीचे मी जे केले त्यात भाचीचाही हात मी तिच्या नकळत घालून ठेवला होता. मी म्हणाले, “माझं चुकलं.” अकरा वर्षे तयार ठेवलेले वाक्य, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर किती लहान निघाले.

“ते नको सांगूस,” ती म्हणाली. “मला नाही ऐकायचं ते.” तिने पिशवी उचलली. मी म्हटले, तुकडे आजच घेऊन जा, मी डबा भरून ठेवला आहे. तिने डब्याकडे पाहिले.

“माझ्या घरी पश्चिमेची खिडकी आहे. मरतील तिथे. मला काहीच येत नाही यातलं.”

“सगळं लिहून ठेवलंय.”

“लिहून तर आईनेही दिलं होतं तुला.”

ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलली. “रविवारी मला सुट्टी असते. सकाळी येईन. हाताने करून दाखव. मला जमेस्तोवर शिकेन, मग घेऊन जाईन. आणि मी तुझ्यासाठी येत नाहीये, हे लक्षात ठेव.”

“बरं,” मी म्हणाले.

“वर्ष तरी लागेल मला. तोवर मरू नकोस. एवढं तरी नीट कर.”

सबब, हे मृत्युपत्र निदान वर्षभर अमलात येऊ नये असा माझा प्रामाणिक प्रयत्न राहील. बाकी सर्व कलमे वर लिहिल्याप्रमाणे. ती पार पाडायची जबाबदारी मी वकीलबाईंवर सोपवली आहे आणि त्यांनी ती पत्करली आहे. वाचले, समजले, बरोबर आहे, आणि कमीच लिहिले आहे, म्हणून सही करते.

(सही) लिहून ठेवणारी, थोरली बहीण

आम्ही खाली सह्या करणारे दोघे एकाच वेळी हजर होतो. बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार पहिले: (सही) घरचे डॉक्टर. बाईंना तपासले. रक्तदाब थोडा वाढलेला आहे, बुद्धी शाबूत आहे.

साक्षीदार दुसरे: (सही) खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. शिडी उद्या आणतो.

स्थळ: राहते घर, पूर्वेची खोली.

दिनांक: महिन्याची नऊ तारीख, शनिवार, सकाळचे अकरा. धाकटी गेल्यानंतरचे सहावे वर्ष.